पटकीची लस : दुसरा डोस चुकवू नका



पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेणारी माणसं आपल्या वाडवडिलांनी पाहिली. टोचायची जुनी लसही त्यांनी घेतली. तिचा जोर थोडे महिनेच टिके. आता तोंडाने पाजायची लस आहे. कोलकात्याच्या वस्त्यांत २००६ साली ती देऊन पाच वर्षे पाहणी केली. दोन डोसांनी सुमारे ६५ टक्के संरक्षण मिळाले.

पण बी चांगलं असून भागत नाही, पेरणी साधावी लागते. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात, सत्यबादी विकास गटात मे-जून २०११ मध्ये काय घडलं ते ऐका. आधी घरोघर शिरगणती केली. ६२ केंद्रे मांडली, ३९५ कार्यकर्ते नेमले. १४ दिवसांच्या अंतराने दोन डोस द्यायचे होते. पहिल्याला ३१,५५२ माणसं आली, म्हणजे शंभरात एकसष्ट. दुसऱ्याला आली २३,७५१. चौघांतला एक परत फिरकलाच नाही! बायका आणि सहा ते सतरा वर्षांची मुलं जास्त आली. पुरुषमाणसं मागे राहिली.

म्हणून आपल्याकडे अशी मोहीम निघाली, तर ग्रामपंचायतीने व आरोग्यसेविकेने एवढं ध्यानात ठेवावं :

१. लस थोडी असेल तर जिथे मागे साथ आली आणि पाणी खराब आहे, ती वस्ती आधी धरा.

२. दोन्ही डोस पावसाळ्याआधी उरकतील अशी तारीख ठरवा.

३. केंद्र कामाच्या वेळेआधी आणि सांजच्याला उघडं ठेवा. ऊसतोड, वीटभट्टीच्या मजुरांकडे त्यांच्या मुक्कामी जा.

४. लस २ ते ८ अंशांत ठेवा, गोठू देऊ नका.

५. दुसऱ्या डोसची तारीख पहिल्याच दिवशी कार्डावर लिहा. आदल्या दिवशी दवंडी पिटा.

लस घेतली म्हणून पाणी उकळणं सोडू नका. जुलाब लागलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा आणि तडक दवाखाना गाठा. पटकीत माणूस काही तासांत हातचा जातो. अंगातलं पाणी टिकलं तर तो वाचतो.