बाळ उपाशी असताना आईचे दूध

पोटाच्या भित्तिकेस जन्मतः छिद्र राहून बाहेर आलेली अर्भकाची आतडी शस्त्रक्रियेने आत बसविली, की आप्तांचा जीव भांड्यात पडतो आणि लगोलग प्रश्न येतो, ‘दूध केव्हा?’ गर्भजलात दीर्घकाळ उघडी राहून सुजलेली ती आतडी कामास लागण्यास बहुधा काही आठवडे घेतात. तोवर पोषण शिरेवाटे, आणि नाकातून जठरात घातलेल्या नळीने हिरवे पित्त बाहेर पिशवीत. ते हिरवे पाणी निवळू लागले, उतरले, बाळाला शी झाली, म्हणजे मग थेंबाथेंबाने दूध.

परंतु ते दूध येणार कोठून? प्रसूती जिल्ह्याच्या गावी, बाळाची रवानगी बापासमवेत मुंबईस. इकडे आईस ‘बाळ पीतच नाही, तर दूध काढतेस कशाला’ असे ऐकविले जाते. हे सर्वस्वी चूक आहे. उपसा थांबला की विहिरीचे झरे बुजतात, हे शेतकऱ्याच्या घरी सांगावे लागत नाही; पिकास पाणी महिन्याने लागणार म्हणून तो मोट सोडून ठेवीत नाही, आणि पहिल्या दिवशी ओंजळभरच पाणी लागले म्हणून खणलेली विहीर बुजवीतही नाही. पहिल्याच दिवसापासून, चोवीस तासांत किमान ८ वेळा, त्यांतील एकदा रात्री, हा उपसा झाला पाहिजे.

प्रारंभी उकळून घेतलेल्या वाटीच्या कडेला पिवळ्या चिकाचे चार थेंब तेवढे चिकटतात. ते पुसून टाकू नका. सुईविना पिचकारीने टिपून घ्या. डॉक्टरांची संमती असल्यास तेच थेंब बाळाच्या गालाच्या आतून फिरविता येतात. पुढचे दूध तारीख लिहून गोठवून ठेवण्याची तजवीज रुग्णालयात विचारून करावी. दुखावलेल्या आतड्यास आईच्या दुधाइतके सोसणारे दुसरे अन्न नाही. मधाचे बोट वा गुटी तर मुळीच नको, मग आजीचा आग्रह कितीही मायेचा असो.

वेळ संपत आली. घरी नेल्यावर हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री बाळाला रुग्णालयात न्यावे. कारण आतडी अडकलेली असू शकतात; ती का अडकतात, हे सांगण्यास आज अवसर नाही. बाळापाशी बसलेल्या बापांनी मात्र आजच गावी निरोप धाडावा, की बाळ पीत नसले तरी दूध काढणे थांबवू नको.