मुतखड्याची शस्त्रक्रिया : खर्च मोजला, निष्पत्ती कधी मोजणार?

(आरोग्यसेवेचे अर्थकारण या विषयावरील एका चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मुतखड्याविषयी बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला पाचारण करावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्यामागे एक साधे कारण आहे. गेल्या दोन दशकांत आपल्या देशात शासन हे शस्त्रक्रियांचे फार मोठे खरेदीदार बनले आहे. आंध्र प्रदेशात 2007 मध्ये आरोग्यश्री योजना सुरू झाली. महाराष्ट्रात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर 2018 पासून प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेद्वारे पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. मूत्रपिंड व मूत्रवाहिनीतील खड्यांवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आणि ध्वनिलहरींचे उपचार या योजनेच्या यादीत आहेत. आता शासन धान्य खरेदी करते, तेव्हा वजन पाहते आणि ओलावाही तपासते. शस्त्रक्रिया खरेदी करताना मात्र ती झाली एवढेच पाहिले जाते. रुग्णाच्या मूत्रपिंडात खडा उरला की नाही, तो कामावर कधी परतला, त्याला पुन्हा दाखल व्हावे लागले का, यांपैकी कशावरही देयक अवलंबून नसते.

राजसत्ता आणि मुतखडा यांचा संबंध नवा नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. अश्मरीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी वैद्याने राजाची अनुमती घ्यावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयास्पद, हे त्याचे कारण. निष्पत्तीविषयीची अनिश्चितता इतक्या स्पष्टपणे मान्य करणारी शस्त्रक्रिया त्या काळी दुसरी क्वचितच असेल.

तंत्राचा इतिहास आपण जाणताच, म्हणून तो थोडक्यात सांगतो. पाठीतून बारीक मार्ग करून खडा काढण्याची पीसीएनएल ही पद्धत स्वीडनमधील फर्नस्ट्रम आणि योहान्सन यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केली. फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिक येथे आघात-लहरींनी खडा फोडण्याचा पहिला प्रयोग रुग्णावर झाला. ते यंत्र बनवणारी डॉर्नियर ही मूळची विमाने बांधणारी कंपनी होती. त्यानंतर मूत्रमार्गातून वर नेता येणारी लवचिक दुर्बीण आणि होल्मियम लेसर आले. आपल्या देशातील नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयातून 2011 मध्ये 'मायक्रोपर्क' या अतिसूक्ष्म पद्धतीचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. छेद लहान होत गेला, रुग्णालयातील मुक्काम आखडला. यंत्रसामग्री मात्र महाग झाली.

आता मुख्य विषयाकडे वळतो. कमी छेदाच्या उपचारांची निष्पत्ती आकड्यांनी मोजण्याचा पहिला गाजलेला वाद मुतखड्यावरूनच झाला, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही फारशी ठाऊक नसते. पॅरिसमधील शल्यचिकित्सक झां सिव्हियाल हे मूत्राशयातील खडा चिरफाड न करता, मूत्रमार्गातून उपकरण घालून फोडत असत. जुन्या चिरफाडीच्या पद्धतीत साधारण पाचांपैकी एक रुग्ण दगावत असे, त्यांच्या पद्धतीत पन्नासांपैकी सुमारे एक. युरोपभरातील नोंदी जमवून त्यांनी ही तुलना विज्ञान अकादमीपुढे मांडली. तिच्या परीक्षणासाठी 1835 मध्ये नेमलेल्या समितीत गणितज्ञ प्वासों होते. समितीपुढचा पेच असा होता की आकडेवारी माणसाचे वेगळेपण पुसून टाकते, आणि वैद्याचा संबंध तर एकेका माणसाशी असतो. सिव्हियाल यांच्यावर दुसरा आक्षेप अधिक नेमका होता. ते आपले रुग्ण निवडून घेत. लहान खडा आणि बरी प्रकृती असलेला रुग्ण त्यांच्याकडे जाई, उरलेले चिरफाडीच्या वाट्याला येत. मग दोन पद्धतींची तुलना होते की दोन प्रकारच्या रुग्णांची?

जवळपास दोनशे वर्षांनंतरही हाच प्रश्न आपल्यासमोर आहे. फाटे फुटलेल्या, मूत्रपिंड भरून टाकणाऱ्या खड्यांवर शस्त्रक्रिया करणारे शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि सुटसुटीत खडे घेणारे खाजगी रुग्णालय यांच्या यशाची टक्केवारी शेजारी शेजारी छापली, तर ती अन्यायकारक ठरेल. यावर उपाय उपलब्ध आहे. लंडनमधील 'गाइज स्टोन स्कोअर' ही 2011 मधील वर्गवारी खड्याची संख्या, जागा आणि मूत्रपिंडाची रचना पाहून शस्त्रक्रियेपूर्वीच काठिण्याच्या चार श्रेणी ठरवते. ही श्रेणी ठरवण्यास तज्ज्ञाला काही मिनिटे पुरतात. पूर्वमान्यतेच्या अर्जात तिच्यासाठी एक रकाना ठेवला, तर निम्मे भांडण मिटेल असे माझे मत आहे.

उरलेले निम्मे भांडण 'यश' या शब्दाच्या अर्थाचे आहे. पीसीएनएलचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 96 केंद्रांतील 5803 रुग्णांची नोंद होती आणि सुमारे 76 टक्के रुग्ण खडामुक्त झाल्याचे दिसले. आकडा आश्वासक आहे. परंतु खडामुक्ती कोणत्या तपासणीने ठरवली? कुठे एक्स-रे, कुठे अल्ट्रासाऊंड, कुठे सीटी स्कॅन. युरिक अॅसिडचा खडा साध्या एक्स-रेवर दिसत नाही. बारीक तुकडे अल्ट्रासाऊंडमधून निसटतात. तपासणी जितकी ढोबळ, तितके यश मोठे, अशी ही विपरीत स्थिती आहे. शिवाय चार मिलिमीटरपर्यंतचे उरलेले तुकडे 'नगण्य' मानण्याची प्रथा दीर्घकाळ होती. लहान खडे खरोखरच नगण्य असतात का, हे तपासणारा एक छोटा यादृच्छिक अभ्यास अमेरिकेत 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या खड्यावर शस्त्रक्रिया करताना त्रास न देणारे लहान खडेही काढलेल्या 38 रुग्णांपैकी 6 जणांना पुढील काही वर्षांत पुन्हा त्रास झाला. ते तसेच ठेवलेल्या 35 जणांत ही संख्या 22 होती. नमुना लहान आहे, हे मान्य. तरीही 'नगण्य' हा शब्द कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

खर्चाचा विचार करणारा एक चांगला अभ्यास ब्रिटनमधील आहे. मूत्रवाहिनीतील खड्यासाठी आधी आघात-लहरी वापराव्यात की थेट दुर्बीण, याची बाराशेहून अधिक रुग्णांवर तुलना करून तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत पुन्हा उपचार लागण्याचे प्रमाण आघात-लहरींच्या गटात सुमारे 22 टक्के होते, दुर्बिणीच्या गटात सुमारे 10 टक्के. तरीही आघात-लहरींचा मार्ग दर रुग्णामागे सुमारे आठशे पौंडांनी स्वस्त पडला, कारण त्यात भूल आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्च बहुतेकदा टळतो. आरोग्यसेवेच्या तिजोरीच्या दृष्टीने तो ग्राह्य ठरू शकतो.

हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येईल का? मला तसे वाटत नाही. तेथील हिशेब प्रामुख्याने आरोग्यसेवेने केलेल्या खर्चाचा आहे. आपल्याकडे दुसऱ्या खेपेचा मोठा भार रुग्ण स्वतः उचलतो. एसटीचे किंवा रेल्वेचे भाडे, सोबत आलेल्या नातेवाइकाचा मुक्काम आणि दोघांची बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्याही देयकात येत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील जनतेच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. परंतु बुडालेली मजुरी या लेख्यांत मोजलीच जात नाही. त्यामुळे शासनाला स्वस्त पडणारा उपचार शेतमजुराला महाग पडू शकतो. त्याचे उत्तर आपल्याच रुग्णांवरील अभ्यासातून मिळेल. आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनासाठी आरोग्य संशोधन विभागाने 2017 मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभारली आहे. तिच्यासाठी हा योग्य विषय आहे.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधतो. जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांचा खर्च अंतर्भूत असतो. अनेक आजारांसाठी ही मुदत पुरेशी असेल. मुतखड्याचे घड्याळ मात्र वेगळे चालते. फुटलेले तुकडे पडून जाण्यास आठवडे लागतात, आणि खडामुक्तीची तपासणी साधारण एक ते तीन महिन्यांनी करणे योग्य समजले जाते. शिवाय अनेक रुग्णांच्या मूत्रवाहिनीत शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांसाठी डीजे स्टेंट ही बारीक नळी ठेवलेली असते. ती ठरल्या वेळी काढावी लागते. न काढल्यास तिच्यावरच क्षार जमतात, जंतुसंसर्ग होतो आणि प्रसंगी मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. खडा काढण्यासाठी ठेवलेल्या नळीवर नवा खडा तयार व्हावा, याहून अधिक खर्चीक निष्काळजीपणा कोणता?

समजा, ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेला एक कामगार सुरतेत यंत्रमागावर काम करतो. त्याच्यावर तेथेच दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. योजनेचा लाभ कोणत्याही राज्यातील संलग्न रुग्णालयात घेता येतो, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. दुखणे थांबले, विश्रांतीसाठी तो गावी गेला. स्टेंट काढण्याची तारीख कागदावर आहे, कागद सुरतेतल्या खोलीत आहे. रुग्णालयाच्या दफ्तरी ही शस्त्रक्रिया यशस्वी, शासनाच्या दफ्तरी देयक चुकते. सहा महिन्यांनी ताप आणि कळ घेऊन तो ब्रह्मपूरच्या रुग्णालयात गेला, तर तेथे तो नवा रुग्ण आणि नवे देयक ठरेल. या दोन नोंदी एकमेकींशी जोडून पाहिल्या, तरच पहिल्या शस्त्रक्रियेची खरी निष्पत्ती आणि खरी किंमत कळेल. सप्टेंबर 2021 पासून राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी आभा क्रमांकाने हे तांत्रिकदृष्ट्या शक्य केले आहे. प्रश्न तो क्रमांक या कामासाठी वापरण्याचा आहे.

पैसे देण्याची रीतही निष्पत्ती घडवते. प्रत्येक बैठकीमागे पैसे दिले तर बैठका वाढवण्याचा मोह होतो, आणि संपूर्ण उपचाराला एकच रक्कम ठरवली तर अवघड खडा टाळण्याचा. म्हणून मी असे सुचवतो की दर काठिण्याच्या श्रेणीप्रमाणे असावा. त्यातील एक छोटा हिस्सा स्टेंट काढल्याची नोंद झाल्यावर आणि तिसऱ्या महिन्यातील तपासणीचा अहवाल आल्यावर द्यावा. रुग्ण परत आलाच नाही तर डॉक्टरांनी काय करावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल आणि तो रास्त आहे. म्हणूनच रुग्णाचा परतीचा प्रवासखर्च योजनेनेच द्यावा. वाया गेलेल्या मूत्रपिंडाच्या उपचारापुढे ती रक्कम किरकोळ आहे. सर्वांची सीटी तपासणी करावी, असेही माझे म्हणणे नाही. किरणोत्सर्ग आणि खर्च पाहता बहुतेकांना अल्ट्रासाऊंड व एक्स-रे पुरेल. मात्र कोणती तपासणी केली हे नोंदवणे सक्तीचे हवे.

खडा पुन्हा होऊ नये, हाही निष्पत्तीचाच भाग आहे. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला किती उपयोगी, याचा इटलीतील अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत पुन्हा खडा होण्याचे प्रमाण पाण्यावर भर देणाऱ्या गटात 12 टक्के होते, दुसऱ्या गटात 27 टक्के. एवढा स्वस्त उपाय आरोग्यशास्त्रात विरळा. परंतु राजस्थानातील दगडखाणीत किंवा विदर्भातील उन्हात काम करणाऱ्या बाईला हा सल्ला देताना कामाच्या ठिकाणी पाणी आणि शौचालय आहे का, हे कोण विचारते? शौचालय नसेल तर ती पाणी पिणे टाळते. तिच्या बाबतीत मुतखड्याचा प्रतिबंध हा कामगार कल्याणाचा विषय होतो.

सुरुवात मोठ्या यंत्रणेने करण्याची आवश्यकता नाही. एक जिल्हा निवडावा. शस्त्रक्रियेनंतर नव्वदाव्या दिवशी योजनेच्या आरोग्यमित्राने रुग्णाला दूरध्वनी करावा आणि तीन प्रश्न विचारावेत : नळी काढली का, पुन्हा दाखल व्हावे लागले का आणि कामाचे किती दिवस बुडाले. उत्तरे मूळ देयकाच्या नोंदीशीच जोडावीत आणि वर्षअखेरीस श्रेणीनिहाय प्रसिद्ध करावीत. पहिल्या वर्षी रुग्णालयांची नावे छापू नयेत. दुसऱ्या वर्षी ती छापावीत की नाही, यावर आपल्या प्रश्नोत्तरांत वाद व्हावा अशी माझी इच्छा आहे.