मांजराच्या डोळ्यातील दाब



सायकलच्या चाकात हवा किती आहे, हे आपण अंगठ्याने दाबून पाहतो. डोळ्यातही असाच एक दाब असतो. डोळ्यातील रंगीत पडद्यामागे स्वच्छ पाणी सतत पाझरते आणि तितकेच बाहेर वाहून जाते. ही वाट तुंबली की दाब वाढतो व दृष्टीची नस चेपली जाते. हाच काचबिंदू. मांजरालाही तो होतो, बहुधा डोळ्यातील सूज किंवा गाठ यांच्या पाठोपाठ. मांजर दुखणे सांगत नाही, आणि नस मेली की गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून दाब वेळेवर आणि अचूक मोजायला हवा.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतात. निरोगी मांजरात तो साधारण १० ते २५ भरतो. १९०५ साली नॉर्वेचे नेत्रवैद्य यालमार श्योट्स यांनी बुबुळावर ठेवायचे एक उपकरण काढले. डोळा जितका मऊ, तितकी त्याची दांडी आत रुतते. पण त्यासाठी मांजराचे नाक आभाळाकडे करून धरावे लागते. आता नवे यंत्र आहे. त्याची बारीक सळई बुबुळाला अलगद टेकून उसळते. डोळा टणक असेल तर ती झटकन माघारी येते. यंत्र अशा सहा टिचक्यांवरून आकडा देते. डोळा बधिर करावा लागत नाही.

मग अडचण कुठे येते? चेहऱ्यापाशी! सयामी मांजराचे तोंड लांबट, गावठीचे मध्यम आणि पर्शियनचे चपटे. पर्शियनच्या डोळ्याची खोबण उथळ असते, डोळे पुढे आलेले असतात. पापणी उघडताना बोट जरा दाबले गेले, तर ते थेट डोळ्यालाच दाबते. शिवाय चपटे तोंड धरायला जबडा हाती येत नाही, आणि हात नकळत गळ्याकडे सरकतो. गळ्याच्या शिरा दाबल्या, की रक्त अडते आणि डोळ्यातला दाब चढतो. आकडा वाढला खरा, पण तो आपल्या हाताने! मग निरोगी डोळ्याला उगीच औषध सुरू होते. उलट, ‘मांजर धडपडले असेल’ म्हणून खरा आजारही नजरेआड होऊ शकतो.

शिक्षकबंधूंनो, पारड्याला अंगठा लावून तोललेले धान्य खरे वजन सांगत नाही. हाच धडा इथे आहे. मांजर शांत होऊ द्यावे, गळा मोकळा ठेवावा, बोट डोळ्यावर नव्हे तर भोवतालच्या हाडावर टेकवावे. दोन्ही डोळे मोजावेत आणि शंका आली तर पुन्हा मोजावे.

आपल्या मांजराचा एक डोळा मोठा किंवा धुरकट दिसू लागला, भर उन्हातही बाहुली मोठीच राहिली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आणि तिथे मांजर धरायची वेळ आली, तर गळ्याला मात्र हात लावू नका बरं का!