तीन ते सहाचा खेळ



निवृत्तीनंतरच्या छंदांवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा बागकाम, वाचन, नातवंडं अशी नेहमीची यादी डोळ्यांसमोर आली. पण माझ्याकडे बाग नाही आणि नातवंडं पुण्याला आहेत. मला नाद एकच, पिक्चरचा. तोही टॉकीजमध्ये जाऊन पाहण्याचा. म्हणून आज त्याबद्दलच बोलतो, आणि बोलता बोलता माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो.

माझा जन्म १९४८ चा, बुलडाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या गावात सिनेमा नव्हता. तो यात्रेत भेटायचा. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत तंबू लागायचा. दिवस मावळला की कर्ण्यावर गाणी सुरू होत आणि आमचे पाय आपोआप तिकडे वळत. आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मध्ये कापडाचा आडपडदा. बसायला जमीन. 'श्यामची आई' मी तिथेच पाहिला. १९५३ चा हा चित्रपट, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला. पण आमच्यापर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागली. माझी आई आडपडद्यापलीकडे होती. पिक्चर संपत आला तेव्हा पलीकडून सगळ्या आयांचं हुंदके देणं एकदम ऐकू आलं. एवढी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी रडतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं. टॉकीजचा नाद लागला तो त्या रात्री.

पुढे मी शिक्षक झालो आणि खामगावात स्थिरावलो. खामगाव कापसाच्या बाजारपेठेचं आणि चांदीचं गाव. पिक्चरचा शौक इथल्या लोकांना भरपूर. पण त्या काळी गावातल्या शिक्षकाला पिक्चर पाहणं सोपं नव्हतं. खाली स्टॉलमध्ये आपलेच विद्यार्थी बसलेले! दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळलं, की मागून त्याच पिक्चरची शीळ यायची. म्हणून आम्ही शिक्षक मंडळी रात्री नऊ ते बाराच्या खेळाला, दिवे गेल्यावर आत शिरायचो आणि 'समाप्त'च्या आधी बाहेर पडायचो. तीसेक वर्षांत शेवट धड पाहिलेले पिक्चर मी बोटांवर मोजू शकेन. मनाशी ठरवलं होतं, एकदा निवृत्त झालो की दिवसाढवळ्या, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत पिक्चर पाहायचा.

२००६ साली निवृत्त झालो आणि खरोखरच तसं सुरू केलं. आमचं चौघांचं टोळकं जमलं. मी, एक पोस्टातून निवृत्त झालेले, एक सहकारी संस्थेतले आणि एक एसटीचे माजी कंडक्टर. पिक्चर कोणता ते आम्ही तिघं ठरवायचो. खेळ कोणता ते कंडक्टरसाहेब ठरवायचे, कारण परतीची गाडी त्यांच्याच डोक्यात असायची.

निवृत्त माणसांच्या पिक्चर पाहण्याच्या सवयी वेगळ्या असतात, श्रोतेहो, आणि त्या सवयींमागे कारणं असतात. आम्ही शुक्रवारी जात नाही. पहिला दिवस पोरांचा. शिट्ट्या, आरडाओरडा, पडद्यापुढचं नाचणं. ते आम्हांला वाईट वाटतं असं नाही, पण संवाद ऐकू येत नाहीत. आधीच कान कमी झालेले. आम्ही सोमवार-मंगळवार धरतो. तोवर कोणीतरी पाहून आलेला असतो, आणि पिक्चर बसून पाहण्याजोगा आहे की नाही ते पानाच्या टपरीवर कळलेलं असतं.

खेळ बारा ते तीन किंवा तीन ते सहा. नऊ ते बारा आता नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फार लागतो. खुर्ची मागची आणि कडेची. मागची मानेसाठी, कडेची गुडघ्यासाठी आणि मध्येच उठावं लागतं त्यासाठी. एसी असला तर मे महिन्यातही पिशवीत स्वेटर. त्याच पिशवीत गोळ्यांची डबी, पाण्याची बाटली आणि कानात घालायला थोडा कापूस. होय, कापूस! कान कमी झालेल्या माणसाला मोठा आवाज बरा, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आवाज मोठा केला की दणका वाढतो, शब्द कळत नाहीत. खाली अक्षरं उमटली तर मात्र सगळं समजतं. बहिऱ्या आणि अंध प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांत काय सोयी असाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये काढली. अक्षरांची सोय त्यात आहे. ती तालुक्यापर्यंत पोचली, तर आमच्यासारख्या अर्धबहिऱ्यांचंही भलं होईल.

आमच्यातल्या पोस्टवाल्यांच्या पत्नी २०११ साली वारल्या. त्यानंतर ते एकही आठवडा चुकवेनासे झाले. पिक्चर कसाही असो. एकदा अगदीच टुकार पिक्चर होता. मध्यंतरात मी म्हटलं, "चला, उठू या." ते म्हणाले, "तुम्ही जा गुरुजी. घरी तीन ते सहाचा टाइम जाताजात नाही बापा." मी पुन्हा खुर्चीत बसलो. घरी टीव्ही असताना म्हातारी माणसं टॉकीजला कशाला जातात, असं पोरं विचारतात. त्याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. टीव्हीपुढे आपण डुलक्या काढतो, दूधवाला येतो, रिमोट सुनेच्या हातात असतो. टॉकीजला जायचं म्हणजे दाढी करावी लागते, इस्त्रीचा शर्ट घालावा लागतो, कोणीतरी आपली वाट पाहत असतं. दुपारचे तीन तास ठरलेले असतात.

आता ती चूक सांगतो. आमच्या टोळक्यात आमची सौभाग्यवती नव्हती. एके काळी ती हौसेनं यायची. 'माहेरची साडी' तिनं १९९१ साली दोनदा पाहिला होता. पण २००४ साली आम्ही 'श्वास' पाहिला, आणि त्यानंतर ती टॉकीजला आली नाही. तुम्हांला आठवत असेल, डोळ्याचा कर्करोग झालेला नातू आणि त्याचे आजोबा. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला मिळाला, तो याच चित्रपटानं. मध्यंतरानंतर ती डोळ्यांना पदर लावून बसली होती. मला वाटलं, पिक्चरचं रडू. पुढे कधीही "चल" म्हटलं की ती म्हणायची, "तुम्ही जा, मला नाही सोसत." २०१६ च्या जानेवारीत 'नटसम्राट' आला, अख्खा महाराष्ट्र लोटला, तेव्हाही तेच. मी टोळक्यात सांगायचो, "आमची मंडळी फार हळवी आहे हो. तिला पिक्चर सोसत नाही." बारा वर्षं मी हेच सांगत होतो. आणखी सात वर्षं सांगितलं असतं.

२०२३ च्या जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी आणि त्यांची मंगळागौर. त्या पावसाळ्यात गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, काळे चष्मे लावून घोळक्यानं टॉकीजला निघाल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या अकरा जणींनी गाडी ठरवली आणि अकोल्याचा बेत केला. सकाळी सौभाग्यवती म्हणाली, "भाकरी करून ठेवली आहे. मी पिक्चरला जाते." मी पाहतच राहिलो. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे, आणि ही निघाली! त्या दुपारचे तीन ते सहा मी घरी एकट्यानं काढले. पोस्टवाल्यांची फार आठवण झाली.

रात्री आठला ती परत आली. चेहरा उजळलेला. मी विचारलं, "कसा वाटला पिक्चर?"

"पिक्चर चांगला होता," ती म्हणाली, "पण तिथलं बाथरूम फार चांगलं होतं."

मी हसलो. ती हसली नाही. पाण्याचा तांब्या घेऊन ती समोर बसली आणि एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट तिनं मला सांगितली. 'श्वास' पाहिला त्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाथरूमला कुलूप होतं. मध्यंतरात ती जाऊन परत आली. मी तेव्हा बाहेर मित्रांबरोबर शेंगदाणे खात उभा होतो. तो सगळा उत्तरार्ध तिनं तसाच काढला आणि नंतर घरापर्यंतचा रस्ताही. डोळ्यांना पदर होता तो त्या त्रासाचा.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही कधी विचारलंत का हो? तुम्ही विचारायचे, 'येतेस का?' का येत नाहीस, ते नाही विचारलं."

चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस मी, पण या प्रश्नावर मला एक शब्द बोलता आला नाही. 'मला नाही सोसत' याचा अर्थ इतका साधा होता. त्यानंतर मी गल्लीतल्या दोनचार वयस्क बायांना, सौभाग्यवतीमार्फत, विचारून घेतलं. कोणी म्हणाली, पिक्चरला जायचं म्हणजे सकाळपासून पाणी तोडावं लागतं. कोणी म्हणाली, बाल्कनीचा जिना उंच आणि कठडा नाही. कोणी म्हणाली, अंधारात पायरी दिसत नाही, एकदा पडले आणि नातवानं पिक्चर बंदच केला. पिक्चर आवडत नाही असं एकीनंही सांगितलं नाही. आणि आम्ही सगळे पुरुष समजत होतो, की बायांना मालिकाच आवडतात!

तिकीट महाग झालं म्हणून म्हातारे येत नाहीत, असं म्हणतात. ते काही अंशी खरं आहे. एसटीत ६५ वर्षांपुढे अर्धं तिकीट आहे. ७५ नंतर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. मार्च २०२३ पासून सरसकट सगळ्या महिलांना अर्धं. म्हणजे टॉकीजपर्यंत आम्ही सवलतीत पोचतो. खिडकीवर मात्र आमचं वय कोणी विचारत नाही. जपानमध्ये साठीनंतर पिक्चरचं तिकीट स्वस्त मिळतं. इंग्लंडमध्ये काही चित्रपटगृहं ज्येष्ठांसाठी दिवसाचा खास खेळ ठेवतात आणि वर चहा-बिस्किटं देतात. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, हेही नसे थोडके. पण माझा अनुभव असा, की पन्नास रुपयांची सवलत दिली आणि बाथरूमला कुलूप ठेवलं, तर आमची मंडळी येणार नाही. कुलूप काढलं, तर पूर्ण तिकीट काढून येईल.

टॉकीजवाल्यांच्या अडचणी मला दिसतात. एकपडदा टॉकीज चालवणं आज सोपं नाही. २०२० च्या मार्चपासून करोनानं दारं बंद केली, त्यात कित्येकांचं कंबरडं मोडलं. पण सोमवार-मंगळवारी दुपारी तुमच्या खुर्च्या रिकाम्याच असतात ना? त्या वेळी आम्ही रिकामेच असतो. जिन्याला कठडा, पायरीवर पिवळा पट्टा आणि बायकांच्या बाथरूममध्ये पाणी व दिवा, एवढ्यावर तुम्हांला आठवड्याचे दोन दिवस गिऱ्हाईक मिळेल. आम्ही पॉपकॉर्न घेत नाही हे खरं, पण चहा दोनदा घेतो.

माझ्यात एक बदल झाला आहे. पिक्चरला जाण्याआधी मी त्या टॉकीजला एकदा एकटाच जाऊन येतो. पहिल्या वेळी डोअरकीपरला म्हटलं, "भाऊ, बायकांचं बाथरूम जरा पाहायचं होतं." त्यानं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. पंचाहत्तरीचा म्हातारा, पांढरी टोपी, हातात पिशवी! सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो हसला आणि झाडणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशींनी मला आत पाहू दिलं नाही, पण नळाला पाणी आहे, कडी लागते, दिवा आहे, असं बाहेर येऊन सांगितलं. दिवसभर पाणी राहतं का, तेही मी विचारून घेतलं.

मग २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं 'जुनं फर्निचर' पाहायला गेलो. म्हातारा बाप मुलाला कोर्टात खेचतो, अशी ती गोष्ट. सोमवार, बारा ते तीनचा खेळ. मुलानं पुण्याहून मोबाइलवर तिकिटं काढून दिली होती. खुर्च्या मात्र आम्ही सांगितल्या त्याच, मागच्या, कडेच्या. वीस वर्षांनी आम्ही शेजारी शेजारी बसून पिक्चर पाहत होतो. दिवे गेले, आणि सौभाग्यवतीनं पिशवीतून बाटली काढून घोट घोट करत चांगलं अर्धी बाटली पाणी प्यायलं. पडद्यावर काय चाललं होतं ते थोडा वेळ मला दिसलंच नाही.

श्रोतेहो, तुमच्या घरात कोणी वयस्क माणूस "तुम्ही जा, मला नाही आवडत" असं म्हणत असेल, मग ते पिक्चर असो, लग्न असो की शेगावची वारी, तर एकदा शेजारी बसून "का?" म्हणून विचारा. उत्तर कदाचित फार लहान असेल. एका कडीएवढं, एका पायरीएवढं.

आणि येत्या मंगळवारी दुपारी तुम्ही आमच्या टॉकीजला आलात, तर मागून तिसऱ्या रांगेत कडेला पाहा. टोळकं आता पाच जणांचं झालं आहे. परतीची गाडी अजून कंडक्टरसाहेबच ठरवतात. पिक्चर मात्र सौभाग्यवती ठरवते.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)