शृंगिकेतील नाक



श्रावण-भाद्रपदात नांदेडच्या आसपास कपाशीच्या शेतात गेलात, तर काठीला टांगलेले एक नरसाळे दिसेल. झाकणाखाली रबराची गोळी, खाली लांब पिशवी. हाच कामगंध सापळा. लातूरकडच्या आमच्या मामांना नांदेडच्या व्याह्यांनी एकदा अशी उरलेली गोळी दिली. मामांनी ती नाकाशी धरली आणि म्हणाले, "अरे, वास तर कायच येईना की! व्याह्यांनी थट्टा केली बघ."

थट्टा नव्हती. तो वास घेण्याचे इंद्रिय मामांपाशी नव्हते, इतकेच. ते असते नर पतंगाच्या शृंगिकेत. बोलताना आपण तिला कीटकाची मिशी म्हणतो.

शृंगिकेचे भाग तीन. बुडाच्या सांध्याने ती हलते. दुसऱ्या सांध्यात कंप ओळखणारे इंद्रिय असते. जॉन्स्टन यांनी ते १८५५ साली डासात वर्णिले. मादीच्या पंखांची गुणगुण नर डास त्यानेच ऐकतो, म्हणजे त्याचा कान मिशीत! पुढच्या लांब दोऱ्यावर सूक्ष्म केस असतात. काही स्पर्शाचे, काहींना टोकाशी एकच छिद्र, ते चवीचे, खळग्यांतल्या काही खुंट्या ऊब व ओल जाणतात.

वासाच्या केसाची रचना मात्र सावकाश पाहण्याजोगी आहे. केस पोकळ, आणि त्याच्या भिंतीला असंख्य छिद्रे. आत पाण्यासारखा द्रव, त्यात मज्जापेशींची टोके. कामगंध तेलकट, तो पाण्यात सहज मिसळायचा नाही. म्हणून द्रवातली विशिष्ट प्रथिने त्याला उचलून पैलतीरी नेतात. मज्जापेशी जागी होते, विजेचा स्पंद मेंदूकडे धावतो. मागाहून दुसरी द्रव्ये त्या गंधाचे तुकडे करतात. नाहीतर कालचा वास आजही येत राहिला असता.

रेशीमकिड्याच्या नराला एकेका शृंगिकेवर असे सुमारे १७,००० केस असतात. बुटेनांट यांनी १९५९ साली त्या जातीचा कामगंध ओळखला, तेव्हा सुमारे पाच लक्ष माद्या खर्ची पडल्या होत्या. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीने तर शास्त्रज्ञांना चकविलेच. तिचा गंध सापडल्याचे १९६६ साली जाहीर झाले, पण शेतातले नर त्याकडे फिरकेनात. खरा गंध १९७३ साली कळला: घडणीत थोडासाच फरक असलेली दोन द्रव्ये, जवळजवळ समसमान. नराच्या केसांना तो थोडासा फरक कळतो.

शहरातल्या मंडळींनी याची काळजी का वाहावी? २०१७ साली महाराष्ट्रात याच अळीने बीटी कपाशी पोखरली. अंड्यातून निघालेली अळी लवकरच कळीत वा बोंडात शिरते. डोमकळी दिसू लागली की अळी आत आहे असे समजावे, आणि आतल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून पतंग कधी उडू लागले हे कळणे मोलाचे. पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे लावतात. सलग तीन दिवस प्रत्येकात रोज ८ नर सापडले की उपाय योजण्याची वेळ झाली. एवढ्या सापळ्यांनी कीड संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. सापडतात ते नर. अंडी घालणारी मादी बाहेरच असते.

आता मामांकडे वळू. त्यांनी ती गोळी आपल्या हरभऱ्यात टांगली. पंधरा दिवस पिशवी रिकामी. मामा निर्धास्त! पण हरभऱ्यावर येते ती घाटेअळी. तिच्या मादीचा गंध निराळा, आणि तिच्या नराच्या शृंगिकेला बोंडअळीच्या गंधाचे सोयरसुतक नाही. पिशवी रिकामी राहिली आणि घाट्यांना भोके पडली. त्या वर्षी मामांच्या घरी डाळही विकत आणावी लागली.

हल्ली ते पाकिटावरचे किडीचे नाव नातवाकडून दोनदा वाचवून घेतात, आणि गोळी लावण्याआधी तंबाखूचा हात धुतात. वास घेऊन मात्र अजून पाहतातच.