द्राक्षाच्या जाती, वाइनचे प्रदेश आणि मोहाचे रान

(दरेकसा येथील व्याख्यानाचा पाठ)

हावडा-मुंबई लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरणारा प्रवासी कचारगडच्या यात्रेसाठी येतो, हाजरा धबधबा पाहण्यास येतो. द्राक्षमळा पाहण्यास येथे कोणी येत नाही. तरीही या गावी द्राक्षांविषयी बोलण्यास कारण आहे. फाल्गुनाच्या सुमारास नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी संपत येते, आणि त्याच दिवसांत येथील रानात पहाटे मोहफुलांचा सडा पडू लागतो. दोन्हींत भरपूर साखर आहे, दोन्ही आंबतात, वाळल्यावर मोहफूल मनुकेसारखेच दिसते. मात्र द्राक्षवाइनसाठी राज्याचे स्वतंत्र धोरण २००१ साली आले. मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

द्राक्षवेल ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील. वाइनसाठी ३० ते ५० अंश अक्षांशांचा पट्टा योग्य, असे जुने ग्रंथ सांगतात. नाशिक २० अंशांवर आहे. दरेकसा त्याच्याही उत्तरेला. म्हणजे केवळ अक्षांशाने काही ठरत नाही. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते; आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि पीक मात्र एकच. ज्या पावसाळी हवेत केवडा व भुरी फोफावतात, त्या हवेत घड लटकत राहू नयेत, ही यातील युक्ती. त्यात नाशिकची सुमारे ६०० मीटर उंची आणि पौष-माघातील थंड रात्री यांची भर पडते. त्यामुळे फळातील आंबटपणा टिकतो. भाताच्या बांध्यांतील पाणी धरून ठेवणारी जमीन वेलीच्या मुळांना मानवत नाही, हे गोंदियाकडील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

जातींविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका ही खाण्याची द्राक्षे. त्यांचा मणी मोठा, रसाळ, पातळ सालीचा व बिनबियांचा. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे; रंग व तुरटपणा त्या सालीतून व बियांतूनच येतो. शेनिन ब्लाँ व सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या, तर शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्याँ या तांबड्या वाइनच्या जाती, सर्व फ्रान्समधून आलेल्या. त्यांचे डोळे येथे बहुधा डॉगरिज या अमेरिकी खुंटावर भरले जातात, कारण तो खुंट क्षार व पाण्याचा ताण सोसतो. वेल परकी, पाय त्याहून परके, छाटणी तेवढी आपली!

पुणे जिल्ह्यातील नारायणगावी १९८० च्या दशकात फेसाळ वाइन तयार होऊ लागली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ मध्ये शेनिन व सोव्हिन्याँच्या लागवडी झाल्या आणि २००० साली त्यांची वाइन बाजारात आली. पुण्यानजीक मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही १९९७ चेच. पुढे २००१ च्या धोरणाने उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, आणि दिंडोरी-निफाडकडील शेतकरी करार करून वाइनच्या जाती लावू लागले. कर्नाटकात नंदी टेकड्यांचा परिसर याच वाटेने पुढे आला.

मग २००८-०९ ची मंदी आली. मागणी घटली आणि कारखान्यांनी माल उचलण्यास हात आखडला. थॉमसनचा घड कोणत्याही बाजारात विकता येतो. शिराझचा बियाळ मणी खाण्यासाठी कोण घेणार? अनेकांनी ऐन भरातल्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. धोरण, संशोधन, पार्क सारे होते. परंतु ज्याच्या मालाला एकच गिऱ्हाईक, त्याच्या हाती भाव नव्हता.

मोहाची कथा उलट्या टोकाची. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहफुलांविरुद्ध खास कायदा झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातही या फुलांवर बंधने होती. जे फूल आदिवासी घरात दुष्काळी अन्न होते, ते कागदोपत्री दारूचा कच्चा माल ठरले. वस्तुतः वाइन केवळ आंबवतात, मोहाची दारू गाळतात. दोन्हींना एका मापाने मोजता येत नाही, आणि १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीच्या शेजारी हा प्रश्न सावधपणेच हाताळावा लागतो. तथापि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला आहे, आणि फुलाचा लाडू, सरबत वा मुरंबा होण्यास कोणताही अडसर नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज मदिरा’ म्हणून मान्यता देण्याचे धोरण आखले, आणि आरंभीच्या दोन ठिकाणांत अलिराजपूरबरोबर दिंडोरी होती. एक दिंडोरी नाशिकची, द्राक्षाची; दुसरी नर्मदाकाठच्या मोहाची.

दरेकशाच्या ग्रामसभेपुढील प्रश्न त्याआधीचा आहे. वाळलेले फूल पावसाळी दमटपणात किडते, म्हणून ते चैत्रातच व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने जाते आणि गरजेला त्यातलेच चढ्या भावाने परत घ्यावे लागते. कोणत्या झाडाचे फूल अधिक गोड, हे वेचणाऱ्या बायांना तोंडपाठ असते. त्याची यादी शाळेतील मुले एका हंगामात करू शकतील. कोरडी कोठी बांधावयाची की नाही, हे मात्र ग्रामसभेने ठरवावयाचे आहे, आणि तेही मोह गळू लागण्यापूर्वी.