जुनी येझदी, नवी बैठक

(गणेशोत्सवातील कौटुंबिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून कुणी आरोग्यावर बोलते, कुणी गुंतवणुकीवर. मला मात्र फर्मान निघाले की, "आमेरच्या घरी तुम्ही जी जुनी मोटारसायकल उभी केलीत, तिच्यावर बोला." मी मेकॅनिक नाही, माझी सारी नोकरी फायलींत गेली. तेव्हा जे स्वतःच्या हाताने केले, तेवढेच सांगतो.

गाडी आमच्या अण्णांची, १९७९ सालची येझदी २५०. तरुण मंडळींसाठी थोडा इतिहास. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या सुमारास झेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा गाड्या बनवायला घेतल्या. १९७३ पासून त्याच घराण्यातील गाड्या येझदी नावाने येऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली. पण त्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक, त्यांचे सुटे भाग आमच्या म्हातारीला चालत नाहीत. हिची किक आणि गिअर एकाच दांडीवर! दांडी आत ढकलून वर फिरवली की किक, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणून गिअर. अनोळखी माणूस किक शोधतच राहतो. त्यामुळे चोरीची भीती कमी, असे अण्णा म्हणत.

गाडी कित्येक वर्षे जिन्याखाली होती. भंगारवाला दर पावसाळ्यात भाव सांगून जाई. दुसरा सल्ला असा, की चकाचक रंगवून दिवाणखान्यात ठेवा. पण अण्णांचे वय आता ऐंशीच्या पुढे. गुडघा पुरता वाकत नाही, बाहेर जाणे जवळपास थांबलेले. ते एवढेच म्हणाले, "चालवायचं वय गेलं. मागे बसून मावठ्यापर्यंत जाता आलं तर बघ." त्यामुळे कामाचा हेतू ठरला. गाडी रस्त्यावर चालली पाहिजे आणि मागच्या माणसाला बसता-उतरता आले पाहिजे.

पहिला नियम: पाना हातात घेण्याआधी फोटो काढा. प्रत्येक वायर, केबल, वॉशर कुठे होता याचा फोटो हवा. सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी. आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे कामी आले.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण तिच्यातूनच वर ढकलले जाते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत क्रँकची ऑइल सील कडक होतात. मग बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. म्हणून कार्बोरेटर कितीही साफ केला तरी सील बदलल्याशिवाय उपयोग नाही. काही भाग पुण्याच्या नाना पेठेतून भाच्याने पाठवले, काही दिल्लीच्या करोलबागेतून आणले. सिलिंडर झिजला होता, तो लेथवाल्याकडे बोअर करून घेतला आणि ओव्हरसाइझ पिस्टन बसवला. आमच्या आमेरच्या डोक्यावर जयगड आहे. १७२० साली तिथे जयवाण तोफ ओतली गेली आणि तोफेची नळी आतून कोरायला बैलांच्या बळावर फिरणारे यंत्र तिथल्या कारखान्यात होते. नळी आतून सरळ आणि गोल कोरणे, काम तेच! फक्त बैलांच्या जागी आता वीज आली.

ब्रेकच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्या. ब्रेक, टायर, केबल आणि वायरिंग यांत मी काटकसर केली नाही. क्रोमची चमक पुढच्या वर्षीही येईल.

आता मुख्य विषय, बैठकीचा. जुन्या सीटचा पत्रा गंजलेला, आतला थर कुजून भुगा झालेला. बाजारात तयार सीट मिळते, पण तिची मागची बाजू उंच आणि रुंद. अण्णांचा पाय तिच्यावरून जाईना. आमेरच्या बाजारात शिवणकाम करणारे एक वयस्कर कारीगर आहेत, त्यांच्याकडे गेलो. गाडी कोणती हे त्यांनी नंतर विचारले. पहिला प्रश्न होता, "बैठेगा कौन?"

तिथून काम सरळ झाले. जुन्या पत्र्यावर वर्तमानपत्र ठेवून आकार काढला, तो पुठ्ठ्यावर कापला आणि त्यावरून नवा पत्रा करवून घेतला. पाणी साचू नये म्हणून त्याला भोके, खाली चेसिसवर टेकायला रबरी गुटके. मागची बाजू दीड इंच खाली आणायची होती. पण नुसता फोम पातळ केला तर खड्ड्यात माणूस पत्र्यावर आपटतो. म्हणून खाली कडक, दाट फोम आणि वर मऊ फोमचा पातळ थर. कडा उतरत्या कापल्या, म्हणजे पाय टाकताना अडत नाही. फोम धारदार सुरीने कापायचा आणि सँडपेपरने घासून गोलाई आणायची.

शिवण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर लावली, कच्चा फोम पत्र्यावर बसवला आणि अण्णांना त्यावर अर्धा तास पेपर वाचायला बसवले. मी शेजारी उभा. उठल्यावर "इथे रुततंय" म्हणाले, तिथे खूण केली आणि फोम कमी केला. असे तीन रविवार चालले. आमेरच्या हत्तींचे माहूत हौद्याखाली जाड गादी घालतात, ती हत्तीच्या कण्यावर भार येऊ नये म्हणून. माणसाचेही तसेच आहे. भार मांड्यांवर आणि बैठकीच्या हाडांवर पसरावा, माकडहाडावर येऊ नये.

कव्हर रेक्झिनचे. वरचा एक तुकडा, बाजूचे दोन, मागचा एक. कागदी नमुने कापून प्रत्येकाला शिलाईपुरती जादा जागा ठेवली. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा पावसात कुजतो. फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद, नाहीतर शिवणीतून पाणी झिरपून फोम स्पंजासारखा भिजतो. कव्हर ओढण्याआधी रेक्झिन उन्हात ठेवायचे. मऊ पडले की सुरकुती न पडता ताणले जाते. जयपूरचे ऊन या कामी फुकट मिळते! मात्र मे महिन्यात त्याच सीटवर पांढरे सुती कापड टाकल्याशिवाय बसू नये.

एक कायद्याची गोष्ट. मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाला निदान अर्धे झाकणारे आवरण, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत. शोभेसाठी ती काढू नयेत. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते, ती आम्ही वाढवून घेतली. पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. पण त्या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

काही जाणकार मित्र नाराज झाले. "मूळ सीट घालवलीस!" घालवलेली नाही. जुना पत्रा गंज काढून, रंग लावून माळ्यावर ठेवला आहे. चेसिसला ना भोक पाडले, ना वेल्डिंग केले. नवी सीट जुन्याच बोल्टांवर बसते. उद्या माझ्या मुलीला गाडी १९७९ सारखी हवी असली, तर अर्ध्या तासात ती तशी होईल. आपण केलेला बदल पुढच्याला उलटवता यावा, एवढे पथ्य पाळले की जुन्या वस्तूत बदल करायला भिऊ नये.

अण्णा आता महिन्यातून एक-दोनदा, सकाळी गर्दी व्हायच्या आधी, डॉक्टरांच्या संमतीने आणि डोक्याला हेल्मेट घालून मागे बसतात. मावठ्याच्या काठी चहा होतो. मी गिअर कुठे चुकलो हे परतीच्या वाटेवर ऐकावे लागते.

आपल्यापैकी अनेकांच्या जिन्याखाली वडिलांची लूना, राजदूत किंवा बजाज असेल. ती दुरुस्त करायचे मनात असेल तर लवकर करा. सुटे भाग कदाचित पुढेही मिळतील, पण नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे मिस्त्री आणि "बैठेगा कौन?" विचारणारे कारीगर आता वयस्क झाले आहेत. मुलांना त्यांच्याकडे सोबत न्या. माझ्याकडचे पाने आणि पुलर कुणालाही नेता येतील, फक्त परत आणून द्यावेत!



गणपती बाप्पा मोरया!